परीक्षकाची परीक्षा

परीक्षेच्या नांवानें विद्यार्थ्याच्या छातींत धडकी भरते. परंतु परीक्षकाचीहि परीक्षा घ्यावी, हा विचार सहसा कोणास सुचत नाहीं.

सर फिलिप हार्टॉग यांस तो सुचला. हे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरु. १९३५ सालीं त्यांनीं व ऱ्होड्स यांनीं इंग्लंडांतील एक प्रयोग प्रसिद्ध केला. इतिहासाच्या त्याच १५ उत्तरपत्रिका त्याच १४ परीक्षकांस बारा ते एकोणीस महिन्यांनीं पुन्हां तपासावयास दिल्या. २१० निर्णयांपैकीं ९२ पालटले! पत्रिका तीच, परीक्षकहि तोच.

आपल्या नगरीशीं या गोष्टीचा निकटचा संबंध आहे. येथील महाविद्यालयें पूर्वीं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशीं संलग्न होतीं. २३ ऑगस्ट १९५८ रोजीं, तेव्हांच्या औरंगाबादेंत, मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें आणि आपल्या मुलांस जोखण्याचा भार आपल्याच अध्यापकांवर आला. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० सालीं येथें महाविद्यालय काढलें होतें. तेंच पुढें मिलिंद म्हणून विख्यात झालें. ज्यांच्या घराण्यांत पूर्वीं कोणी शाळेची पायरी चढलें नव्हतें, अशीं मुलें तेथें शिकूं लागलीं. अशा मुलाचा एक गुण परीक्षकाच्या लहरीनें गेला, तर सबंध घराची वाट अडते.

मग परीक्षकाला सुधारावें कसें? अमेरिकेंत थॉर्नडाइक यांनीं १९२० सालींच दाखविलें होतें कीं, माणसाचा एक गुण मनांत भरला कीं त्याचे इतर गुणहि आपण चढे मानतों. तेव्हां परीक्षकांस अशा चुकांची ताकीद द्यावी, हें ओघानेंच आलें. परंतु १९८० सालीं बर्नार्डिन व पेन्स यांस उलटेंच आढळलें: ताकीद मिळालेले लोक त्या चुका टाळण्याच्या भरांत अधिकच चुकीचे गुण देऊं लागले. पुढच्याच वर्षीं बर्नार्डिन व बक्ली यांनीं निराळी वाट सुचविली. चांगलें, मध्यम व हीन काम कशास म्हणावें, हें आधीं सर्वांनीं मिळून ठरवावें. मग सर्वांनीं तोच नमुना तपासावा, आणि जेथें गुण जुळत नाहींत तेथें कारण शोधावें. आपल्या शालान्त परीक्षेंतील नमुना उत्तरें व नियामकांची फेरतपासणी यांमागेंहि हेंच तत्त्व आहे.

बाजारांतील मापाड्यास ‘लबाडी करूं नको’ एवढें बजावून भागत नाहीं. त्याच्या हातीं शिक्क्याचें माप द्यावें लागतें. परीक्षकाचेंहि तसेंच आहे. तो लबाड नसतो. त्याचें माप मात्र त्याच्या नकळत लहानमोठें होत असतें. म्हणून वर्षानुवर्षें गुण देणाऱ्यानेंहि अधूनमधून आपलें माप इतरांच्या मापाशीं ताडून पाहावें. त्यांत त्याचा कमीपणा नाहीं. ज्याचें भवितव्य त्या मापांत आहे, त्या मुलाचा तो हक्क आहे.