समुद्राखालच्या नळाची उचकी

तेलाचा इतिहास आपण विहिरींचा इतिहास म्हणून वाचतो. कुठे खोदले, कोण श्रीमंत झाले, कोणाच्या जमिनीवर युद्ध आले. विहिरीतून तेल घेऊन जाणाऱ्या नळांबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही.

पाणी बऱ्याच वेळाने सुटले की घरचा नळ आधी फुसफुसतो, मग भसकन पाणी टाकतो, पुन्हा हवा. समुद्रतळावरच्या नळात असेच होते, फक्त शेकडो पटींनी मोठे. विहिरीतून तेल, वायू आणि पाणी एकत्रच येतात. नळ तळावरून जातो आणि फलाटापाशी सरळ उभा वर चढतो. या वळणावरच्या सखल जागी द्रव साचतो आणि वायूची वाट अडते. मागे वायूचा दाब वाढत जातो, वर उभा नळ द्रवाने भरत जातो. शेवटी वायू जोर करतो आणि सगळा लोंढा एकदम फलाटावर आदळतो. थोडा द्रव मागे घसरतो आणि चक्र पुन्हा सुरू. इंग्रजीत याला स्लगिंग म्हणतात. मी वर्गात सांगेन तर ‘नळाची उचकी’ म्हणेन.

ही उचकी गमतीची नाही. तेल आणि वायू वेगळे करणारी टाकी तुडुंब भरते, कॉम्प्रेसर बंद पडतो, वायू जाळून टाकावा लागतो, नळाचे आधार हादरतात. आणि त्या फलाटावर माणसे कामाला असतात.

सरळ उपाय म्हणजे तेल आणि वायू समुद्रातच वेगळे करायचे. आपल्या मुंबई हायवर १९७६ पासून उत्पादन सुरू आहे. तिथे प्रक्रिया फलाटांवर दोन्ही वेगळे होतात आणि उरणकडे वेगवेगळ्या नळांनी येतात. पण लहान क्षेत्रासाठी असा फलाट कोण बांधणार? मग विहिरीचा सगळा माल मिसळलेलाच दूरच्या फलाटापर्यंत न्यावा लागतो आणि उचकीची गाठ पडते.

१९७३ मध्ये योकम यांनी यावर लिहिले. वरचा व्हॉल्व आवळला तर उचकी थांबते, पण उत्पादनही घटते. पुढे तुलसा विद्यापीठात श्मिट, ब्रिल आणि बेग्ज यांनी प्रयोग करून दाखवले की बेताने आवळले तर तोटा फारसा होत नाही. हा ‘बेत’ नेमका किती, तो मात्र दर नळाचा वेगळा.

गणित हवे होते, आणि ते आले अनपेक्षित घरातून. नॉर्वेची १९४८ ची अणुऊर्जा संस्था ओस्लोजवळ क्येलर येथे होती. पाणी आणि वाफ एकाच नळातून कसे वाहतात, हा अणुभट्टीचा नेहमीचा प्रश्न. नॉर्वेने अणुवीज केंद्र कधी उभारले नाही. १९८० मध्ये संस्थेच्या नावातून ‘अणु’ गेला आणि ती नुसती ऊर्जा संस्था झाली. तिथल्या माणसांनी तेच इल्म तेल आणि वायूकडे वळवले. १९८३ च्या सुमारास ओल्गा नावाचा संगणकी नमुना तयार झाला. ट्रॉन्डहाइमजवळ टिलर येथे मोठ्या प्रयोगनळावर तो ताडून पाहिला गेला. माझ्या मते या सगळ्या कथेतला खरा शहाणपणा इथेच आहे. शिकलेले वाया गेले नाही.

शेवटचा टप्पा व्हॉल्वला जागे ठेवण्याचा. होड हे छोटे, मानवरहित फलाट व्हालहालपासून १३ किलोमीटरवर होते. तिथून येणाऱ्या नळाला ही उचकी होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एबीबीच्या अभियंत्यांनी नळाच्या दाबावर नजर ठेवून व्हॉल्व सतत थोडा उघडा, थोडा बंद करणारी व्यवस्था बसवली. कायमचे आवळण्याऐवजी वेळीच लहानशी हालचाल. दाब शांत झाला आणि व्हॉल्व आधीपेक्षा जास्त उघडा ठेवता आला.

ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठात स्कोगेस्टाड आणि स्टोरकोस यांनी पुढे दाखवले की ही हिकमत साधायला दाब नळाच्या खालच्या टोकाशी मोजणे सर्वांत उपयोगी. वर, फलाटावरचा एकटा दाब फारसे सांगत नाही. अडचण इतकीच, की खालचे मापक समुद्राच्या तळाशी असते. बिघडले तर दुरुस्तीला जहाज आणावे लागते, आणि जुन्या, दाब कमी झालेल्या विहिरींना उचकी लागते ती नेमकी अशाच वेळी, जेव्हा त्यांच्यावर खर्च करायला कोणी तयार नसते.