डिग विरुद्ध रेडिट: युजर्स एकीकडून पळाले, दुसरीकडे का थांबले?

कोणता फोन घ्यावा, अमुक अ‍ॅप खरंच चालतं का, असं काही गुगलवर शोधलं की हल्ली रेडिटची लिंक हमखास वर येते. पण 2008 च्या आसपास या प्रकारात दादा साईट वेगळीच होती. तिचं नाव डिग. ती मागे कशी पडली आणि रेडिट कसं टिकलं, हे आज पाहूया.

सोशल न्यूज साईट म्हणजे काय?

संपादक नसलेलं वर्तमानपत्र समजा. लिंक युजर टाकतात, मतंही युजरच देतात. जिला मतं जास्त, ती लिंक वर. इन्स्टाग्रामवर तुम्ही कोणाला फॉलो करता हे महत्त्वाचं, इथे मात्र विषय महत्त्वाचा.

डिग डिसेंबर 2004 मध्ये केव्हिन रोझ आणि त्याच्या साथीदारांनी सुरू केली. नावातच गंमत आहे: आवडलं तर 'डिग', म्हणजे खणून वर काढा, नाही आवडलं तर 'बरी', म्हणजे पुरून टाका. जून 2005 मध्ये स्टीव्ह हफमन आणि अलेक्सिस ओहानियन या कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या दोघांनी रेडिट आणलं. दिसायला एकदम साधं, कोणी म्हणेल अर्धवट सोडलंय!

खरा फरक कुठे होता?

डिगवर सगळा जोर एकाच मुखपृष्ठावर. तिथे पोहोचायची धडपड एवढी, की ठराविक मंडळींच्याच लिंक वारंवार वर दिसू लागल्या. रेडिटने 2008 मध्ये युजर्सना स्वतःचे विभाग, म्हणजे सबरेडिट, काढू दिले. प्रत्येकाचे नियम वेगळे, सांभाळणारे मॉडरेटर वेगळे आणि तेही बिनपगारी. आज पुणे, मुंबई, महाराष्ट्र या नावांचे सबरेडिट आहेत ते याच सोयीमुळे.

मग ऑगस्ट 2010 मध्ये डिगची चौथी आवृत्ती आली. 'बरी' बटण गायब. मोठ्या प्रकाशकांना त्यांच्या बातम्या आपोआप टाकायची सोय. वर साईट सारखी बंद पडायची, ते वेगळंच. युजर्स भडकले आणि त्यांनी भारी उपाय केला: डिगच्या मुखपृष्ठावर रेडिटच्याच लिंक मतं देऊन चढवल्या. मग बरेच जण तिकडेच राहायला गेले. जुलै 2012 मध्ये बीटावर्क्स कंपनीने डिग विकत घेतली. किंमत सुमारे 5 लाख डॉलर असल्याच्या बातम्या होत्या. एकेकाळच्या दादा साईटसाठी ही रक्कम म्हणजे चिल्लरच.

रेडिटनेही तेच केलं, मग ते का वाचलं?

2023 मध्ये रेडिटने बाहेरच्या अ‍ॅप्सना डेटासाठी पैसे लावले, दर हजार विनंत्यांमागे 24 सेंट. आयफोनवरच्या लोकप्रिय अपोलो अ‍ॅपच्या डेव्हलपरने हिशोब मांडला, तर वर्षाचा खर्च 2 कोटी डॉलरच्या घरात गेला. 30 जूनला अपोलो बंद झालं. त्याआधी 12 जूनपासून हजारो सबरेडिट मॉडरेटर्सनी निषेध म्हणून बंद ठेवले होते. पण कंपनी काही मागे हटली नाही.

माझ्या मते कारण सरळ आहे. 2010 मध्ये डिगच्या शेजारी तयार घर होतं. 2023 मध्ये रेडिटसारखं दुसरं घर कुठेच नव्हतं. वर्षानुवर्षांची उत्तरं, ओळखीची मंडळी, मॉडरेटर्सची मेहनत, सगळं तिथेच. जाणार कुठे? फेब्रुवारी 2024 मध्ये रेडिटने हाच मजकूर वापरू देण्याचा गुगलशी करार जाहीर केला आणि मार्चमध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली. ती उत्तरं लिहिणारे आणि सबरेडिट सांभाळणारे मात्र अजून फुकटच राबतात, बरं का.

तुम्ही रेडिट वापरत असाल तर एक काम करून ठेवा. ब्राउझरमध्ये लॉगिन करून डेटा रिक्वेस्टचं पान उघडा आणि आपल्या पोस्ट-कमेंटची प्रत मागवा. फाईल लगेच मिळत नाही, तयार झाली की मेसेज येतो.