आवाज आहे, नाव नाही

यवतमाळात जॅझवर व्याख्यान म्हटल्यावर काहींना नवल वाटलं असेल. पण जॅझ आपण इथंच ऐकलेला आहे, रेडिओवरच्या हिंदी गाण्यांतून. तो वाजवतंय कोण, हे मात्र निवेदक सांगत नसे. आजचा विषय तोच: ते वादक, आणि त्यांच्याविषयीचं लेखन.

आधी अमेरिकेकडे बघू. न्यू ऑर्लिन्सचा कॉर्नेटवादक बडी बोल्डन जॅझच्या मूळपुरुषांपैकी एक मानला जातो. १९०७ साली त्याला मनोरुग्णालयात ठेवलं, १९३१ मध्ये तो वारला. जॅझची पहिली तबकडी निघाली १९१७ साली. बोल्डनचा एक सूरही आज आपल्याला ऐकता येत नाही. उरलंय ते सगळं शब्दप्रमाण. ज्यांनी ऐकलं त्यांनी सांगितलं. आणि सांगताना मीठमसालाही लावला: म्हणे, तो न्हाव्याचं दुकान चालवायचा, वर एक वर्तमानपत्र काढायचा! डोनाल्ड मार्क्विस यांनी जुनी दप्तरं तपासली आणि १९७८ च्या पुस्तकात या कथा खोडून काढल्या. कथा गेल्या, माणूस उरला. चांगलं लेखन एवढं करतं.

आता मुंबई. १९३५ साली व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांनी कृष्णवर्णीय वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात आणला. पुढं गोव्याच्या वादकांनी ही शैली आपलीशी केली. त्यांची तयारी आधीच झालेली होती, कारण पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ त्यांतलेच. ट्रम्पेट वाजवायचे, नाव घेतलं चिक चॉकलेट. लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे आपले रामचंद्र चितळकर, यांच्या गाण्यांत त्यांनी काम केलं. ‘अलबेला’ (१९५१) मध्ये भगवानदादा नाचतात, तेव्हा चिक आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. पाहिलंय आपण सगळ्यांनी. नाव किती जणांना ठाऊक आहे?

दोष कुणा एकाचा नाही, रीतच तशी होती. ‘महल’च्या (१९४९) तबकडीवर लता मंगेशकरांऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचं नाव छापलं होतं. गायिकेची ही गत, तिथं ट्रम्पेटवाल्याला कोण विचारतो?

न्यायदर्शनात प्रत्यक्षाच्या दोन पायऱ्या सांगितल्यात. नुसतं ‘काहीतरी आहे’ हे निर्विकल्पक. त्याला नाव जोडलं की सविकल्पक. बोल्डनचं नाव उरलं, आवाज गेला. चिकचा आवाज घरोघर पोहोचला, नाव वाटेतच गळलं. आमच्या पिढीचं ऐकणं असं निर्विकल्पकच राहिलं, बरं का!

ते नाव पुन्हा जोडायचं काम लेखकाचं. ग्रेगरी बूथ यांनी सिनेमाच्या म्हाताऱ्या वादकांना भेटून, त्यांना बोलतं करून २००८ मध्ये पुस्तक लिहिलं. नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ २०१२ चं. दोन्ही इंग्रजीत. चिक १९६७ सालीच गेले होते. त्यांना विचारायला उशीर झालेला होता.

आणि हे फक्त मुंबईचं नाही. आपल्या जिल्ह्यात लग्नाच्या वरातीत ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट वाजवणारे म्हातारे अजून आहेत. कुणाकडून शिकले, पहिलं वाद्य कसं मिळवलं, हे त्यांना विचारून लिहून ठेवायला डॉक्टरेट लागत नाही. वही लागते, आणि माणूस हयात असावा लागतो. या लग्नसराईत एकाला तरी नाव विचारा.