पांडवलेण्यातली नाव आणि मालवणची उलांडी: कयाकवरून मासेमारी शिकण्याआधी

(ऑडिओ भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली अडखळण तेवढी काढली आहे.)

मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एका मित्राने विचारलं, "कयाक घेतोय. मालवणला जाऊन समुद्रात गळ टाकायचाय. सुरुवात कुठून करू?" मी सॉफ्टवेअरवाला माणूस, म्हटलं यादी करून देतो. कयाक, वल्हं, लाइफ जॅकेट, गळ, दोरी. यादी अर्ध्या तासात झाली. मग एक प्रश्न उरला: समुद्रात नेमकं जायचं कुठे, आणि तिथे आपल्या आधी कोण आहे? त्याचं उत्तर शोधता शोधता मी पोचलो आपल्याच पांडवलेण्यांवर.

हसू नका. नाशिकला समुद्र नाही, मान्य. आपली गोदावरी तर त्र्यंबकेश्वरला, अरबी समुद्रापासून साधारण ८० किलोमीटरवर उगम पावते, आणि त्याच्याकडे पाठ करून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. पण लेणं क्रमांक १० मध्ये एक शिलालेख आहे. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात, त्याच्या दानांची ही यादी, साधारण १९०० वर्षांपूर्वीची. त्यात गाई आहेत, गावं आहेत, नारळाची झाडं आहेत. आणि इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, दाहणुका या नद्यांवर लोकांना फुकट पार जाता यावं म्हणून ठेवलेल्या नावाही आहेत. दमण म्हणजे दमणगंगा, पारदा म्हणजे पार. या दोन्ही आपल्याच जिल्ह्याच्या डोंगरांत उगम पावून पश्चिमेला समुद्राकडे जातात. दाहणुका म्हणजे डहाणूची नदी.

आता विचार करा. नाव फुकट ठेवणं हे दगडावर कोरण्याइतकं मोठं दान होतं. याचा अर्थ पाण्यावर कोण जाणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हा प्रश्न तेव्हाही होताच. तो धागा धरून ठेवा, पुढे लागेल.

आता कयाककडे येऊ. हा शब्द ग्रीनलंड आणि उत्तर अमेरिकेच्या आर्क्टिक भागातल्या इन्युइट लोकांचा. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं सीलचं कातडं, मध्ये एका माणसापुरतं भोक. ही हौसेची वस्तू नव्हती, शिकारीचं साधन होतं. उलटली तर माणूस आत बसल्या बसल्या कमरेच्या झटक्याने आणि वल्ह्याने तिला पुन्हा सरळ करायचा, कारण त्या गार पाण्यात बाहेर पडणं म्हणजे मरण. युरोपात तिची हौस लागली ती १८६५ नंतर. जॉन मॅकग्रेगर नावाच्या स्कॉटिश वकिलाने 'रॉब रॉय' नावाची छोटी होडी बांधून घेतली, तीत बसून युरोपातल्या नद्या फिरला आणि १८६६ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. ते इतकं खपलं की एकट्याने वल्हवणं हा सुशिक्षितांचा छंद झाला.

आज मासेमारीला जी कयाक वापरतात ती मात्र बहुतेक वेळा वेगळी असते. तिच्यात आत बसायचं नसतं, वर बसायचं असतं. बैठकीला आरपार भोकं असतात, लाट अंगावर आली तरी पाणी त्यातून खाली निघून जातं. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात हा प्रकार रुजला. ती बनते कशी? साच्यात प्लास्टिकची भुकटी घालायची, साचा तापवत सगळ्या बाजूंनी फिरवायचा, भुकटी वितळून आतून सारखी बसते. तुमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी अशीच बनते. म्हणजे कयाक ही टाकीची चुलत बहीणच.

पण वर बसायचं आणि पाणी खालून जाऊ द्यायचं, ही कल्पना कॅलिफोर्नियाची म्हणायची का? तमिळ किनाऱ्यावरचं कट्टुमरम बघा. ओंडके एकमेकांना बांधलेले, फटींतून पाणी येतं आणि जातं, आत शिरलेलं पाणी उपसायचा प्रश्नच नाही. इंग्रजीतला कॅटॅमरान हा शब्द त्यातूनच आला. आपल्या कोकणात उत्तर वेगळं निघालं. अरुंद होडी, तिच्या एका बाजूला दोन आडव्या दांड्या, आणि दांड्यांच्या टोकाला पाण्यावर तरंगणारा ओंडका. त्याला उलांडी म्हणतात. होडी एका अंगाला कलायला लागली की उलांडी तिला सावरते. मद्रासच्या मत्स्य खात्यात काम केलेल्या जेम्स हॉर्नेल यांनी १९२० मध्ये भारतातल्या होड्यांच्या घडणीवर मोठा निबंध लिहिला, त्यात कोकण-कारवारच्या या होड्यांची नोंद आहे. आज कयाकला बाजूचे तरंगते दांडे विकत घेऊन लावणारे लोक आहेत. त्यांनी एकदा मालवणच्या किनाऱ्यावर चक्कर मारावी.

या होड्यांचं मुख्य काम रापणीचं. होडी किनाऱ्यापासून अर्धवर्तुळ काढत लांबलचक जाळं सोडत जाते, आणि मग दोन्ही टोकं धरून माणसं ते किनाऱ्यावर ओढतात. ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा. म्हणजे सगळा खेळ किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्याचा. कयाक जिथे जाऊ शकते, नेमक्या त्याच पाण्याचा.

आणि भांडण झालं ते याच पाण्यावरून. १९५० च्या दशकापासून मासेमारीचं यांत्रिकीकरण सुरू झालं. केरळात नॉर्वेच्या मदतीचा प्रकल्प आला, नंतर इंजिनाचे ट्रॉलर पश्चिम किनाऱ्यावर पसरले. कोळंबीला परदेशात भाव होता आणि कोळंबी उथळ पाण्यात मिळते, म्हणून ट्रॉलर किनाऱ्याजवळ यायला लागले. रापण ओढणाऱ्यांच्या जाळ्यात मासा येईना. गोव्यात १९७० च्या दशकात रापणकार रस्त्यावर उतरले, माथानी साल्ढाणा यांच्यासारखे शिक्षक पुढे आले. गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० चा, महाराष्ट्राचा १९८१ चा. आपल्याकडे त्या कायद्याखाली काही पट्ट्यांत ५ वाव आणि काही ठिकाणी १० वाव खोलीच्या आत ट्रॉलरना बंदी आली. पुढे पर्ससीन जाळ्यांवरून तेच भांडण पुन्हा पेटलं आणि २०१६ मध्ये राज्याने त्यांच्यावर निर्बंध घातले. अंमलबजावणीचं रडगाणं आजही मालवणात ऐकू येतं.

म्हणून मित्राला मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. किनाऱ्याजवळचं ते पाणी मोकळं मैदान नाही. वल्हं मारणाऱ्या माणसासाठी ते भांडून राखलेलं आहे. आपल्या हातातही वल्हंच आहे, म्हणून आपण आपोआप त्या माणसाच्या बाजूचे होत नाही. त्याचं पोट त्यावर आहे, आपला शनिवार-रविवार.

मग सुरुवात कुठून? आधी गंगापूर धरणाच्या पाण्यावर वल्हवायला शिका. उलटायला आणि पुन्हा वर चढायला शिका. गळ तिथे नको, धरणातल्या मासेमारीचे हक्क सहसा ठेक्याने दिलेले असतात. मग किनाऱ्यावर जा आणि पहिल्या दिवशी कयाक गाडीवरून उतरवू नका. रापण लागली असेल तर ओढू लागा. जाळी कुठे लावलेली असतात ते विचारा, मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात नियम विचारा. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्याची हद्द नकाशावर बघून घ्या.

दुसरं, वारा आणि पाणी. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, दुपारी समुद्राकडून खारा वारा. शिडाच्या होड्यांचं वेळापत्रक यावरच चालायचं: सकाळी मतलईने आत, दुपारी खाऱ्याने घरी. आपल्याकडे शीड नाही. मतलईने नकळत लांब नेलं तर परतीचं अंतर दोन हातांनी कापायचंय, आणि उशीर केला तर खाऱ्या वाऱ्याने लाटा चढतात. म्हणून थोडंच आत जायचं आणि ऊन तापायच्या आत परत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खाडीच्या तोंडाशी पाणी जोरात धावतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा शिकायला जा.

तिसरं, पावसाळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, बिगर-यांत्रिक पारंपरिक होड्यांना त्यातून सूट आहे. ती सूट वाचून आपली कयाक काढू नका. ती पिढ्यान्‌पिढ्या खाडी ओळखणाऱ्यांसाठी आहे, आणि ते लोकही नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय खुल्या समुद्राची घाई करत नव्हते.

मित्राने कयाक घेतली. पहिल्या खेपेला ती गाडीच्या टपावरच राहिली. दोन सकाळी तो रापणीची दोरी ओढत होता. निघताना त्याला वाट्याला आले मूठभर तारले, आणि एका वयस्कर रापणकाराचा प्रश्न: "परत कधी येतलास?"

तो म्हणतो, सुरुवात झाली. मलाही तसंच वाटतं.

भेटू पुढच्या भागात.