धनुर्वाताची सुई आणि बाळाचे पहिले पंधरा दिवस

नवजात बाळाचा धनुर्वात ठरलेल्या दिवसांतच येतो. पहिले दोन दिवस बाळ नीट ओढून पितं, रडतं, आळोखेपिळोखे देतं. तिसऱ्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत कधीतरी, बहुधा पहिला आठवडा सरता सरता, त्याला अंगावर पिता येईनासं होतं. जबडा घट्ट बसतो, ओठ ताणले जातात, मुठी वळतात. दार आपटलं, कुणी नुसता हात लावला, डोळ्यांवर उजेड आला, तरी पाठीची कमान होऊन सगळं अंग ताठरतं. शुद्ध मात्र शाबूत असते. उपचार मिळाले नाहीत तर अशी बाळं बहुतेक दगावतातच. पाचवी-सटवीच्या रात्री दिवा विझू न देता बाळाजवळ जागायची आपल्याकडची रीत याच दिवसांतली. तिचा उगम या रोगात आहे असं म्हणायला पुरावा नाही. पण पहिला आठवडा धोक्याचा, हे घरोघरच्या बायकांना जंतुशास्त्र जन्माला येण्याआधीपासून ठाऊक होतं, एवढं नक्की.

ठाऊक नव्हतं ते कारण. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात बीजाणूंच्या रूपात वर्षानुवर्षं टिकतात. नाळ विळ्याने, कोयत्याने किंवा बांबूच्या धारदार कामटीने कापली, बेंबीवर राख नाहीतर शेण लावलं, की त्यांना हवी तशी जखम मिळते. निकोलायरने १८८४ मध्ये मातीतून हा रोग जनावरांत उतरवून दाखवला, कितासातोने १८८९ मध्ये जंतू वेगळा वाढवला, आणि पुढच्याच वर्षी बेरिंगसोबत या जंतूच्या विषावरचा उतारा रक्तात तयार होतो हे सिद्ध केलं. आता बाळाला लस टोचून उपयोग का नाही, हे रोगाच्या वेळापत्रकातच दडलेलं आहे. लस टोचल्यावर शरीराला पुरेशी प्रतिद्रव्यं तयार करायला आठवडे लागतात. रोग त्याआधीच येऊन जातो. उरतो एकच रस्ता, आईचा. पाउल एर्लिखने १८९२ मध्ये उंदरांवर तो तपासला. त्याने पिल्लांची अदलाबदल केली: विषाला सरावलेल्या मादीची पिल्लं साध्या मादीला पाजायला दिली आणि साध्या मादीची तिला. बापाकडून पिल्लाला काहीच मिळत नाही. आईकडून मिळतं, गर्भातही आणि दुधातूनही, असं त्यातून निघालं. माणसात रक्तातली प्रतिद्रव्यं येतात ती मुख्यतः वारेतून, तीही गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत सर्वांत जास्त. ही प्रतिकारशक्ती उधारीची. काही महिन्यांत ती विरते. पण नाळेची जखम भरायला तेवढा काळ पुरून उरतो.

म्हणजे तत्त्व १८९२ मध्येच हाती आलं होतं. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये गास्तों रामोंने फॉर्मॅलिन आणि उष्णता वापरून जंतूचं विष निर्विष केलं (यालाच टॉक्सॉइड म्हणतात), त्यामुळे सुरक्षित लसही आली. मग पहिला लाभ कुणाला? सैनिकांना. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सगळ्यांना ही लस टोचली आणि लाखो जखमींमध्ये धनुर्वाताचे जेमतेम डझनभर रुग्ण निघाले. बाळंतिणीची पाळी यायला आणखी वीसेक वर्षं लागली. इथे विज्ञान अडलं नव्हतं. कुणाचा जीव आधी मोजायचा, हा प्रश्न होता. शोफील्ड आणि सहकाऱ्यांनी न्यू गिनीतल्या गरोदर बायकांना लस देऊन पाहिली आणि १९६१ मध्ये निष्कर्ष छापले: एका इंजेक्शनाने बाळ वाचत नाही, दोनांनी बरंच, तिनांनी जवळपास पूर्ण संरक्षण मिळतं. पाठोपाठ कोलंबियाच्या ग्रामीण भागात न्यूएलने अधिक काटेकोर चाचणी घेतली. तुलनेच्या गटाला फ्लूची लस दिली होती. त्या गटात शंभर जन्मांमागे जवळजवळ आठ बाळं धनुर्वाताने गेली, आणि दोन किंवा अधिक डोस घेतलेल्या आयांचं एकही नाही. मुंबईत हा रोग इतका होता की धनुर्वातावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९६३ मध्ये इथेच भरली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सुरुवातही साठच्या दशकात याच रोगावरच्या, घोड्यांच्या रक्तातून काढलेल्या सीरमने झाली. पुढे तीच कंपनी लशीचे कोट्यवधी डोस बनवू लागली.

भारतात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या पाहण्यांत खेडोपाडी हजार जन्मांमागे सुमारे १३ आणि शहरांत सुमारे ३ बाळं या एकाच रोगाने जात होती. १९७८ च्या विस्तारित लसीकरण कार्यक्रमापाठोपाठ १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण टप्प्याटप्प्याने जिल्ह्याजिल्ह्यांत पोचलं, आणि दिवस गेलेल्या बाईला ‘टीटी’चं, म्हणजे टिटॅनस टॉक्सॉइडचं, इंजेक्शन ही उपकेंद्रातल्या नर्सबाईंची रोजची गोष्ट झाली. २०१५ मध्ये देशाने माता व नवजात धनुर्वाताच्या निर्मूलनाची घोषणा केली. इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही: हे यश सुईचं नाही, स्वच्छतेचं आहे. आइसलंडजवळच्या वेस्टमन बेटांवर डॅनिश डॉक्टर श्लाइस्नरने १८४७ नंतर फक्त नाळेची काळजी सुधारून हा रोग जवळपास संपवला. स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटावर १८९० च्या दशकात फिडिस नावाच्या पाद्र्याने ग्लासगोला जाऊन सुईणपणाचं शिक्षण घेतलं आणि तिथलीही बाळं जगू लागली. लस तेव्हा कुठे होती? खरं आहे. पण ती मूठभर घरांची बेटं होती. एक माणूस प्रत्येक पाळण्यापर्यंत पोचू शकत होता. आपल्याकडे स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवं ब्लेड, स्वच्छ दोरा आणि बेंबीला काहीही न लावणं ही पंचसूत्री सुईणींना वर्षानुवर्षं शिकवली गेली. ती दर बाळंतपणात, रात्री-अपरात्री, पाचही बाबतींत चोख पाळावी लागते. इंजेक्शन दिवसाउजेडी, आधीच, दोनदा द्यायचं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहा: १९९२-९३ मध्ये दवाखान्यातली बाळंतपणं जेमतेम चौथा हिस्सा, पण दोन टीटी मिळालेल्या आया निम्म्याहून अधिक. २००५-०६ मध्ये हेच आकडे ३९ आणि ७६ टक्के. दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी पैसे देणारी जननी सुरक्षा योजना आली २००५ मध्ये. धनुर्वाताचे नोंदवलेले रुग्ण त्याआधीच, नव्वदच्या दशकात झपाट्याने उतरले होते. शेवटचा टप्पा दवाखान्यातल्या बाळंतपणांनी सोपा केला हे मान्यच. मोठी घसरण मात्र सुईने घडवली, असं माझं मत आहे. घराला आपल्या सवयी बदलाव्या लागल्या नाहीत, हेच तिचं बळ.

दुसरा आक्षेप विश्वासाचा. बायकांनाच, तेही मूल होण्याच्या वयात इंजेक्शन का? ही नसबंदीचीच दुसरी तऱ्हा नव्हे? आणीबाणीतल्या सक्तीची आठवण ताजी असताना, नसबंदीच्या उद्दिष्टासाठी दारात उभी राहणारी यंत्रणाच टीटी घेऊन येई, तेव्हा बाईने दंड मागे घेतला तर तिला अडाणी म्हणणं हा आपला उद्धटपणा ठरेल. शिवाय अफवेला एक खरा धागाही होता. दिल्लीत प्राण तलवार यांनी गर्भनिरोधक लस बनवताना गरोदरपणातल्या एका संप्रेरकाला धनुर्वाताच्या टॉक्सॉइडची जोड दिली होती. तो वेगळा, उघडपणे छापलेला प्रयोग. कार्यक्रमातल्या लशीशी त्याचा संबंध नव्हता. तरी नव्वदच्या दशकात मेक्सिको-फिलिपिन्समध्ये आणि २०१४ मध्ये केनियात हाच संशय उसळला. त्याला उत्तर म्हणून आपल्याकडचा साधा हिशेब पुरतो: दोन-दोन टीटी घेतलेल्या कोट्यवधी बायकांना त्यानंतरही मुलं झाली आणि पुढच्या खेपेला त्या पुन्हा बूस्टर घ्यायला आल्या.

टीटीने नवजातांचे बाकीचे मृत्यू थांबत नाहीत, हा तिसरा मुद्दा तर निर्विवाद आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात घरच्या घरी बाळाची काळजी आणि जंतुसंसर्गावर उपचार सुरू केले तेव्हा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. ते काम लशीच्या आवाक्यातलं नव्हतं. पण आईमार्फत बाळाला राखण्याची वाट धनुर्वातानेच रुंद केली. इंग्लंडने २०१२ मध्ये डांग्या खोकल्याने तान्ही बाळं जाऊ लागल्यावर गरोदर बायकांना लस सुरू केली, आणि २०२३ मध्ये अमेरिकेत आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूवरची लसही याच वाटेने आली. निर्मूलन या शब्दाने मात्र फसू नये. त्याची सरकारी व्याख्या आहे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. जंतू मातीत होता तिथेच आहे. देवीसारखा तो माणसामाणसांतून पसरत नाही, म्हणून शेजारणीने लस घेतल्याने दुसरीचं बाळ वाचत नाही. म्हणूनच कार्यक्रम बंद झाला नाही, फक्त लस बदलली: टीटीच्या जागी घटसर्पाचाही अंश असलेली टीडी आली. आज गरोदरपणाची नोंद झाली की पहिली टीडी, चार आठवड्यांनी दुसरी, आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस गेले तर एकच बूस्टर, असा क्रम माता-बाल संरक्षण कार्डावर भरला जातो.