अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी वनस्पतिजन्य खाद्यपूरके

छत्तीसगडची राजधानी रायपूर येथून धमतरीकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे तीस किलोमीटर अंतरावर अभनपूर हे तालुक्याचे ठिकाण आहे. राजिमकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. सभोवतालचा प्रदेश धानाचा आहे. भातगिरण्यांतून निघणारी कणी, जिला स्थानिक बोलीत कनकी म्हणतात, आणि भाताचा कोंडा या भागात सहज मिळतो. त्यामुळे मक्याचे भाव चढले की कोंबड्यांच्या खाद्यातील मका कमी करून कणी वाढवण्याकडे कल असणे स्वाभाविक आहे. ऊर्जेच्या दृष्टीने त्यात फारसे बिघडत नाही. मात्र तांदळात पिवळे रंगद्रव्य जवळजवळ नसते आणि काही दिवसांतच अंड्यातील बलक फिकट दिसू लागतो. बलकाच्या रंगावरून अंड्यातील प्रथिनांचे प्रमाण ठरत नाही, तरीही फिकट बलकाचे अंडे ग्राहकाला निकृष्ट वाटते आणि तक्रार अखेर उत्पादकाकडे येते.

कोंबड्यांच्या खाद्यात अल्प प्रमाणात मिसळल्या जाणाऱ्या पाने, बिया, मुळ्या, फुले, मसाल्याचे पदार्थ किंवा त्यांचे अर्क यांना वनस्पतिजन्य खाद्यपूरके म्हणतात. मका, सोयाबीनची पेंड, कोंडा आणि शिंपल्यांची भुकटी हे खाद्याचे मुख्य घटक होत. पूरके त्यांची जागा घेत नाहीत. रंग, पचन, आतड्याचे आरोग्य, उष्णतेचा ताण किंवा अंड्यातील स्निग्ध पदार्थांचे स्वरूप यांपैकी एखाद्या ठरावीक हेतूने ती दिली जातात. हा हेतू आधी निश्चित न करता ‘औषधी वनस्पतींचे मिश्रण’ विकत घेणे हा या क्षेत्रातील बहुतेक निराशेचा उगम आहे.

या पूरकांचा सर्वांत खात्रीचा उपयोग बलकाच्या रंगासाठी होतो. झँथोफिल वर्गातील रंगद्रव्ये कोंबडीच्या शरीरात तयार होत नाहीत. ती खाद्यातूनच यावी लागतात. पिवळ्या मक्यात ल्युटीन आणि झिअॅझँथिन असते. झेंडूच्या पाकळ्यांत ल्युटीन मोठ्या प्रमाणावर असते, तर लाल मिरचीतील कॅप्सँथिन बलकाला नारिंगी छटा देते. आधी पिवळ्या रंगाचा पाया आणि त्यावर लाल रंगाची किंचित भर, असा हा क्रम आहे. नुसती मिरची वाढवली तर रंग अनैसर्गिक दिसतो. रंग मोजण्यासाठी फिकट पिवळ्यापासून गडद नारिंगीपर्यंत १ ते १५ क्रमांकांच्या पट्ट्यांचा पंखा वापरतात. शेवग्याचा वाळवलेला पाला, म्हणजे छत्तीसगडमधला मुनगा, हाही रंगद्रव्यांचा चांगला स्रोत आहे आणि त्यातून थोडी प्रथिनेही मिळतात. पाला सावलीत वाळवावा, कारण कडक उन्हात रंगद्रव्यांचा ऱ्हास होतो. दसरा-दिवाळीनंतर ढिगाने उरणारा झेंडू डोळ्यांसमोर येणे साहजिक आहे. परंतु सजावटीसाठी पिकवलेल्या फुलांवर कोणत्या कीटकनाशकांची फवारणी झाली होती हे ठाऊक नसेल, तर ती फुले खाद्यात न घालणेच इष्ट.

या पूरकांकडे जगाचे लक्ष वळले ते प्रतिजैविकांमुळे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत, क्लोरटेट्रासायक्लीन या औषधाच्या निर्मितीत उरणारा चोथा पिलांना खाऊ घातल्यास त्यांची वाढ वेगाने होते, असे आढळले. त्यानंतर रोग नसतानाही खाद्यात अल्प मात्रेने प्रतिजैविके मिसळण्याची प्रथा जगभर पसरली. औषधांना न जुमानणारे जिवाणू वाढू लागल्यावर स्वीडनने १९८६ मध्ये आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढवर्धक म्हणून होणारा हा वापर बंद केला. भारताने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या औषधाच्या अन्नोत्पादक प्राण्यांतील वापरावर बंदी घातली. माणसांमधील गंभीर संसर्गांवर अखेरचा उपाय म्हणून हे औषध राखून ठेवले जाते.

या पोकळीत मसाल्याच्या वनस्पती आल्या. युरोपात ओरेगॅनो आणि थाइम यांच्या तेलांवर बरेच काम झाले आहे. त्यांतील कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल ही द्रव्ये जिवाणूंच्या पेशीपटलाला इजा करतात. थायमॉल आपल्या ओव्यातही भरपूर असते. त्यासाठी परदेशी वनस्पतीच हवी असे नाही. लसणातील गंधकयुक्त द्रव्ये, हळदीतील कुर्क्युमिन, आले, मेथी, तुळस यांचेही प्रयोग झाले आहेत. निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. काही प्रयोगांत अंड्यांची संख्या किंवा खाद्याचा उतारा सुधारला, काहींत फरक दिसला नाही. याचे एक कारण वनस्पतीतच आहे. जात, जमीन, कापणीची वेळ आणि साठवण यांनुसार तिच्यातील क्रियाशील द्रव्याचे प्रमाण बदलते. दुसरे कारण असे की, स्वच्छ आणि सुव्यवस्थित शेडमध्ये आतड्यांवर ताणच कमी असतो. तेथे सुधारणेला वावही थोडाच राहतो.

रायपूर परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, बायकार्बोनेटचे प्रमाण कमी होते आणि कवच पातळ बनते. शिवाय ती खातेही कमी. अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. ते खाद्यातूनच येणार असल्याने अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साधारण साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम ठेवावे लागते. आवळ्याची भुकटी उन्हाळ्यात दिली जाते ती क जीवनसत्त्वासाठी. कोंबडी हे जीवनसत्त्व स्वतः तयार करते, पण तीव्र उष्म्यात ते अपुरे पडते. तथापि आवळ्याआधी थंड पाणी, हवा खेळते राहणे, छपरावर पाला किंवा चुन्याचा हात आणि पहाटे-संध्याकाळी खाद्य देणे हे उपाय येतात. भुकटीने छप्पर थंड होत नाही.

धानपट्ट्याशी सर्वांत जवळचे नाते सांगणारे पूरक जवस होय. भात कापणीला येण्याआधी उभ्या पिकातल्या ओलीवर जवस किंवा लाखोळी फोकून देण्याची पद्धत छत्तीसगडमध्ये उतेरा या नावाने रूढ आहे. भंडारा-गोंदियाच्या शेतकऱ्यांनाही ती परकी नाही. जवसात अल्फा-लिनोलेनिक आम्ल हे ओमेगा-३ गटातील स्निग्धाम्ल असते. कोंबडी ते बलकात उतरवते आणि त्याचा काही भाग डीएचए या स्वरूपात बदलते. ‘ओमेगा-३ अंडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अंड्यांमागे बहुधा हेच तत्त्व असते. खाद्यात जवस पाच टक्क्यांच्या आसपास ठेवणे सुरक्षित मानले जाते. दहा टक्क्यांच्या पुढे अंड्याला माशासारखा वास येण्याची आणि उत्पादन घटण्याची शक्यता वाढते. दळलेले जवस लवकर खवट होत असल्याने ते लागेल तेवढेच दळावे.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा समज मात्र सोडून द्यावा लागेल. विदर्भात मुबलक असलेल्या सरकीच्या ढेपेतील गॉसिपॉलमुळे साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडू शकतो. सुबाभळीच्या पाल्यातील मायमोसीन अंडी कमी करते. मोह आणि करंज यांच्या कच्च्या पेंडी पक्ष्यांना अपायकारक आहेत. कडुनिंबाची पेंड जास्त झाली तर कोंबड्या खाद्यच टाळतात. दमट हवेत साठवलेल्या कोणत्याही पाल्यावर किंवा भुकटीवर बुरशी चढली, तर अफ्लाटॉक्सिनचा धोका मूळ समस्येहून मोठा ठरतो.

खर्चाचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. एक कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते. म्हणजे एक टन खाद्य हजार कोंबड्यांना नऊ दिवस पुरते आणि नव्वद टक्के उत्पादन धरल्यास त्यातून सुमारे ८,१८० अंडी मिळतात. समजा, ३०० रुपये किलोचे पूरक टनाला एक किलो घातले, तर प्रत्येक अंड्यावर पावणेचार पैशांच्या आसपास बोजा पडतो. त्यामुळे फुटक्या अंड्यांत शेकडा एकने घट झाली, तर ८२ अंडी वाचली. फुटके अंडे अडीच रुपयांना आणि अखंड अंडे पाच रुपयांना जात असेल, तर लाभ २०५ रुपयांचा. येथे पूरक परवडले नाही. तेच अंडे रंगासाठी किंवा ओमेगा-३ साठी चढ्या भावाने विकले गेले, तर गणित पालटते. पुण्यात मुख्यालय असलेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती जे दैनंदिन दर जाहीर करते, ते साध्या अंड्यांचे असतात. गडद बलकाचे अधिक पैसे मिळवायचे, तर ग्राहक उत्पादकाला स्वतः शोधावा लागतो.

वनस्पतिजन्य पूरक लसीला पर्याय नाही. मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोगावर कोणताही पाला उपयोगी पडत नाही. लसीकरणाचे वेळापत्रक जसेच्या तसे पाळावे लागते. नवे पूरक वापरताना एकाच वयाच्या कोंबड्यांचे दोन गट करावेत आणि एका गटाला नेहमीचेच खाद्य ठेवावे. किमान आठ आठवडे दोन्हींची अंडी, खाल्लेले खाद्य, फुटीचे प्रमाण आणि मरतूक रोज वहीत लिहावी. बलकाचा रंग दहा-बारा दिवसांत बदललेला दिसतो, पण कवच आणि उत्पादन यांविषयी इतक्या लवकर मत बनवू नये. खाद्याचे पृथक्करण आणि आजारांचे निदान यांसाठी रायपूर परिसरातील उत्पादकांना दुर्गजवळील अंजोरा येथील पशुवैद्यक महाविद्यालयाशी, तर महाराष्ट्रातील उत्पादकांना नागपूर येथील महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांशी संपर्क साधता येतो.