एका रुपयाचे दोन भाव

माझी आजी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची. तिचा भाऊ कराचीच्या बंदरात नोकरीला होता. त्यात कुणाला नवल वाटत नसे. १९३६ सालापर्यंत कराची मुंबई इलाख्यातच होती आणि कोकणातली माणसं मुंबईला जावीत तशी पोटासाठी कराचीलाही जात. भाऊ दर महिन्याला थोडे रुपये पाठवायचा. १९४९ च्या पावसाळ्यानंतर लोक आजीला सांगू लागले, "तुझ्या भावाच्या शंभराचे आता इथं एकशे चव्वेचाळीस होतात." आजी म्हणायची, "होत असतील, पण माझ्या हातात एकही पडत नाही, त्याचं काय?"

आजीच्या या प्रश्नाचं उत्तर मला पुढे इतिहासाच्या पुस्तकांत सापडलं.

भारताचा रुपया आणि पाकिस्तानचा रुपया मुळात एकच. सोळाव्या शतकात शेरशाह सूरीनं चांदीचं जे नाणं पाडलं, त्याला रुपया हे नाव रूढ झालं. पुढे मोगलांनी ते चालवलं. १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीनं आपल्या सगळ्या मुलखासाठी एक तोळा वजनाचा एकच रुपया ठरवला. १९२७ साली इंग्रज सरकारनं त्याचा भाव एक शिलिंग सहा पेन्स असा कायद्यानं बांधला. म्हणजे एका पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. त्या हिशेबानं १९४९ मध्ये अमेरिकेचा एक डॉलर साधारण तीन रुपये पाच आण्यांना पडत होता.

१९४७ च्या ऑगस्टमध्ये जमीन वाटली गेली, पण रुपया लगेच वाटला गेला नाही. काही महिने दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक एकच, आपली रिझर्व्ह बँक. तिचे गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख, रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावी जन्मलेले. सरकारी शिलकीतून पाकिस्तानच्या वाट्याला ७५ कोटी रुपये आले. त्यातले २० कोटी आधीच दिले होते. उरलेले ५५ कोटी काश्मीरच्या लढाईमुळे अडले आणि जानेवारी १९४८ मध्ये, गांधीजींचं उपोषण चालू असताना, ते देण्याचा निर्णय झाला.

त्याच वर्षी १ एप्रिलपासून पाकिस्तानसाठी वेगळ्या नोटा निघाल्या. वेगळ्या म्हणजे कितपत? छापखाना आपल्या नाशिक रोडचाच, चित्र इंग्रज राजाचंच. फक्त वर इंग्रजीत आणि उर्दूत 'पाकिस्तान सरकार' अशा अर्थाचे शब्द ठसवलेले. खाली इंग्रजीत सही चिंतामणरावांची! पाकिस्तानच्या पहिल्या नोटांवर एका मराठी माणसाची सही होती, हे आज सांगूनही कुणाला खरं वाटत नाही. १ जुलै १९४८ रोजी कराचीत स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली. तरीही भाव एकास एकच राहिला.

तो मोडला १८ सप्टेंबर १९४९ ला. युद्धानं खिळखिळ्या झालेल्या ब्रिटननं पौंडाची किंमत ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणली. पाठोपाठ भारतानंही रुपयाचं तेवढंच अवमूल्यन केलं. आपल्याला डॉलर पावणेपाच रुपयांना पडू लागला. पाकिस्तान मात्र हटला नाही. त्याचा डॉलर तीन रुपये पाच आण्यांनाच राहिला. ४.७६ ला ३.३१ नं भागा, १.४४ येतात. आजीचे एकशे चव्वेचाळीस ते हेच.

पाकिस्तानचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. त्याचा ताग आणि कापूस जगाला हवा होता, आणि यंत्रसामग्री बाहेरून आणायची तर रुपया महाग असलेला बरा. पण भारतानं हा भाव मानायला नकार दिला. व्यवहार तिथंच अडले. तागाच्या गिरण्या हुगळीकाठी आणि तागाची बहुतेक शेतं पूर्व बंगालात, अशी फाळणीनं ताटातूट केलीच होती. आता गिरण्यांना ताग मिळेना आणि शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळेना. भारतानं कोळसा रोखला. भाव ठरवणारे दिल्लीत आणि कराचीत बसले होते. किंमत मोजली ती गिरणीतल्या मजुरानं आणि तागाच्या शेतकऱ्यानं. त्यांच्याइतकं नाही, तरी थोडं माझ्या आजीनंही सोसलं.

जून १९५० मध्ये कोरियाचं युद्ध पेटलं, तागा-कापसाचे भाव कडाडले आणि पाकिस्तानची बाजू वर आली. फेब्रुवारी १९५१ च्या व्यापार करारात भारतानं १४४ चा भाव मान्य केला. तेव्हा आपले अर्थमंत्री होते तेच चिंतामणराव. पण दीड वर्षात व्हायचं ते होऊन गेलं होतं. आपण पश्चिम बंगाल, आसाम, बिहारात ताग वाढवू लागलो, आणि पूर्व बंगालात नारायणगंजला तागाच्या गिरण्या उभ्या राहू लागल्या. एकमेकांचे गिऱ्हाईक असलेले दोघे प्रतिस्पर्धी झाले.

युद्धाची तेजी ओसरली, तसा पाकिस्तानला महाग रुपया परवडेना. १९५५ साली त्यानंही अवमूल्यन केलं आणि दोन्ही रुपये पुन्हा एकास एक झाले, ते ६ जून १९६६ पर्यंत. त्या दिवशी भारतानं डॉलर साडेसात रुपयांवर नेला. १९७२ मध्ये, बांगलादेश वेगळा झाल्यावर, पाकिस्ताननं तो एकदम अकरावर नेला आणि पारडं फिरलं. २०२३ साली डॉलरला आपले ८२-८३ रुपये पडत होते, तर पाकिस्तानचे २८० च्या घरात.

अकरा वर्षं दोन्ही रुपये बरोबरीत होते, त्याची आठवण कुणी काढत नाही. आजीनंही कधी काढली नाही. १९५५ मध्ये भाव सारखे झाले, तोवर तिच्या भावाचे पैसे येणं बंद झालं होतं आणि पत्रंही विरळ झाली होती. तिच्या प्रश्नाचं उत्तर आता मला देता येतं. भाव मांडायला एक देश पुरतो. पण पैसा या हातातून त्या हातात पडायला दोघांनी तो भाव मानावा लागतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)